खालच्या शाळेच्या बातम्या

माझी पहिली नोकरी शहापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि आम्ही किन्हवलीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. नवरा सकाळच्या एसटीने आसनगावला जाऊन पुढे लोकलने कल्याणला कामाला जायचा. मी उलट दिशेची एसटी पकडून फाट्यावर उतरायची आणि सागाच्या रानातून चढ चढत वाडीवर पोचायची. शाळेत शिक्षक दोनच. मुख्याध्यापक गुरुजी आणि मी. दोन खोल्या आणि पुढे ओटा. ओट्यावर उभं राहिलं की झाडांच्या पलीकडे खाली धरणाचं पाणी दिसायचं. ते इतकं स्थिर असायचं की पहिले काही दिवस मला ते पाणी वाटलंच नाही, आभाळाचाच एक तुकडा खाली उतरून पडलाय असं वाटायचं.

वाडी पूर्वी खाली होती. धरण झालं तेव्हा ती उठून वर आली, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. शाळाही खालीच होती. गुरुजींनी त्यांची सुरुवातीची वर्षं त्या खालच्या शाळेत काढली होती. मग तालुकाभर बदल्या झाल्या आणि निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना त्यांनी ही वरची शाळा मागून घेतली. ते कमी बोलायचे. धोतर नाही, पायजमा आणि पांढरा शर्ट, आणि तो रोज इस्त्रीचा. वाडीवर इस्त्रीचा शर्ट घालणारे ते एकटेच.

आमच्या परिपाठात प्रार्थना आणि प्रतिज्ञा झाली की बातम्या असायच्या. पेपर किन्हवलीला यायचा तोच उशिरा, त्यामुळे माझ्याकडे असायच्या त्या कालच्या शिळ्या बातम्या. गुरुजी म्हणाले, पेपरातलं राहू द्या, मुलांना वाडीतलं सांगू दे. तशी पद्धत पडली. ज्याच्याकडे बातमी असेल त्याने पुढे यायचं, हाताची घडी घालायची आणि मोठ्याने सांगायचं. कुणाची गाय व्याली, कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या मामाला मोरी बांधताना इंचू चावला. त्यानंतर गुरुजी शाळेत पुढे काय काय आहे ते सांगायचे. शनिवारी नखं तपासणार, पुढच्या आठवड्यात साहेब येणार, झेंडावंदनाला सगळ्यांनी आंघोळ करून यायचं. मला तो वेळ दिवसातला सगळ्यात आवडायचा.

दिवाळीची सुट्टी संपवून शाळा भरली त्या दिवसांतली गोष्ट. तिसरीत एक मुलगी होती. बारीक चणीची, केस नेहमी तेल लावून घट्ट बांधलेले. आई लहानपणीच गेलेली, बाप वीटभट्टीवर, त्यामुळे तिला तिची आत्या सांभाळायची. ही कधी आपण होऊन पुढे यायची नाही. त्या दिवशी आली, हाताची घडी घातली आणि म्हणाली, "खालच्या शालंत काल पाटी पुसायला नवं फडकं आनलं."

मला वाटलं, दुसऱ्या कुठल्यातरी वाडीच्या शाळेबद्दल सांगतेय. मी शाबास म्हटलं. ती जागेवर जाऊन बसली. पुढचा मुलगा आला आणि त्याने त्यांच्या कोंबडीची बातमी सांगितली.

आठवड्याभराने तिने परत सांगितलं, खालच्या शाळेतल्या गुरुजींना ताप आलाय आणि ते खुर्चीत बसूनच गोष्ट सांगतात. मग एकदा, खालच्या शाळेतल्या दोघांची पट्टीवरून मारामारी झाली. आवाज अगदी सपाट, बाकीची मुलं सांगायची तसाच. मधल्या सुट्टीत मी गुरुजींना सहज विचारलं, ही खालची शाळा म्हणजे कोणती हो, फाट्याजवळची का?

गुरुजींनी डबा मिटला. म्हणाले, "इथं खालची शाळा एकच होती, बाई."

मी ओट्यावरून पाण्याकडे पाहिलं. मुलं ओट्याखाली खेळत होती आणि ती मुलगी त्यांच्यातच होती, लंगडी घालत.

माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा नाही. तेव्हा मला वाटलं, घरी कुणी जुन्या गोष्टी सांगत असेल आणि पोर त्या बातम्या म्हणून आणून सांगतेय. मी तसं गुरुजींना म्हटलंही. तेही म्हणाले, असेल. पण तिच्या बातम्या मी आता कान देऊन ऐकायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की वर्गातलं एकही पोर हसत नाही. कोंबडीच्या बातमीवर हसायचे. हिच्या बातमीवर नाही. शेजारच्या गावची खबर ऐकावी तसे ऐकायचे.

मग तिने पुढे होणाऱ्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. थंडीत एका सकाळी म्हणाली, "शनवारी खालच्या शालेची सहल हाय. टेपाडावरच्या देवीला. ज्यानं त्यानं भाकर आनायची, गूल गुरुजी देनार."

गुरुजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा हात शर्टाच्या बटणाशी गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी पुढच्या सूचना दिल्या नाहीत, मुलांना तसंच वर्गात बसवलं.

सोमवारी ती परत पुढे आली. सहल झाली म्हणाली. जाताना ओढा ओलांडताना गुरुजींच्या हातातलं गुळाचं फडकं पाण्यात पडलं आणि सगळ्यांनी कोरडी भाकर खाल्ली. गुरुजींनी मिशीखाली ओठ घट्ट दाबले. ते हसू दाबत होते हे मला थोड्या वेळाने कळलं. त्या दुपारी ते पहिल्यांदाच माझ्याशी मोकळेपणाने बोलले. ती सहल त्यांनी नेली होती, गूळ त्यांच्याच हातून पडला होता, आणि एक लहान मुलगा भाकरी ओढ्याच्या पाण्यात बुडवून चाखून बघत होता, गोड लागतेय का म्हणून. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. एवढी वर्षं त्यांना त्या मुलाचा चेहरा आठवला नव्हता, म्हणाले, आता दिसतोय.

त्यानंतर गुरुजी बदलले. लवकर यायला लागले. परिपाठात ती पुढे आली नाही तर स्वतः विचारायचे, "आज खाली काय गं?" ती सांगायची. कधी काही नसलं तर "काय नाय गुरुजी" म्हणायची. गुरुजी दिवसभर तिच्या बातमीच्याच विचारात असायचे. वर्गात शिकवता शिकवता थांबायचे आणि खिडकीतून खाली बघत राहायचे. आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं, मुलांची गाणी बसवायची होती, पडदा कुठून आणायचा ते ठरवायचं होतं. ते सगळं माझ्यावर पडलं. मी कुरकुर केली नाही. पण ओट्यावर त्या मुलीसमोर वाकून उभा असलेला तो इस्त्रीच्या शर्टातला माणूस बघितला की मला नको वाटायचं. आपल्याला ऐकू न येणारं बोलणं दोघांना ऐकू येतंय आणि आपण त्या घरात परके आहोत, तसं काहीतरी.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, पोरगी हुशार आहे, म्हाताऱ्याला खूश कसं ठेवायचं ते तिला कळलंय.

मोह फुलायच्या दिवसांत, सकाळी हवेत तो गोडसर वास असताना, तिने ती बातमी सांगितली. हाताची घडी घालून, नेहमीसारखी.

"खालच्या शालंत नव्या बाई येनार हायेत."

गुरुजींनी विचारलं, "कधी?"

"पानी उतरलं की. त्यांच्यासाठी जागा झाडून ठेवतायत." मग तिला आणखी काही आठवल्यासारखं झालं. "त्या बाई डाव्या हातानं लिहितात."

मी डावखुरी आहे. सगळी मुलं माझ्या हाताकडे बघायला लागली. माझ्या हातात खडू होता, आणि तो मी उजव्या हातात घेतला. का घेतला ते मला सांगता येणार नाही.

मुलं वर्गात गेल्यावर गुरुजी माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "आजवर तिनं सांगितलं ते सगळं घडलेलं होतं. मी तिथं होतो. पण खाली कधीच बाई नव्हत्या. ही बातमी जुनी नाही."

त्या दिवशी मी मुलांना काय शिकवलं आठवत नाही. शाळा सुटल्यावर मी एसटी सोडून दिली आणि मुलीच्या घरी गेले. ऊन अजून लख्ख होतं. आत्या अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. उभ्या अंगाची, काळीसावळी बाई, कपाळावर गोंदण. मी बसले. मुलीला तिने विहिरीवर पाण्याला पाठवलं आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाली की बाई कशाला आल्यात ते तिला ठाऊक आहे.

मी सरळ विचारलं, तुम्ही तिला जुन्या शाळेच्या गोष्टी सांगता का?

"मी शालंत कदी गेलेच नाय," ती म्हणाली. "मला गुरं होती. मी काय सांगनार?"

मुलगी धरणाच्या पाण्याकडे जाते का, असं विचारलं. तर नाही, पाण्याला भिते, धरणाच्या काठाला कधी पाय लावला नाही. मग मला जे विचारायचं होतं ते मी कसंबसं विचारलं. तिथे कोणी बुडालं होतं का? पोरं?

आत्याने फुलं पसरायची थांबवली. "तिथं कोन मेलं नाय बाई. सगली वर आली. मानसं, कोंबड्या, चुलीसुद्दा आनल्या आमी. भुतं नायत ती. नुसती शाला हाय."

"म्हणजे?"

"तुमच्या गुरुजींनी शाला सोडलीच नाय. भरली ती भरलीच. मंग ती काय करनार?"

ती एवढ्या साधेपणाने बोलली की मला हसू यायला हवं होतं. मी परत जाताना रानात एकटी होते आणि पाठीमागे कुणी नव्हतं, तरी मी मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना आत्याचं बोलणं सांगितलं. मग त्यांनी मला खालच्या शाळेचा शेवटचा दिवस सांगितला. वाडी तेव्हा थोडी थोडी वर येत होती, पण शाळा खालीच भरत होती. पावसाचे दिवस. एका शनिवारी नेहमीसारखी अर्ध्या दिवसाची शाळा करून ते मुलांना म्हणाले, जा, जेवून या, दुपारी शाळेच्या सामानाची पेटी आवरायला मोठ्यांनी परत यायचं. तेवढ्यात वरून पाण्याचा लोंढा वाढल्याची वर्दी आली आणि सगळेच वर पळाले. दुपारी कुणी परत गेलं नाही. सोमवारी शाळेच्या पायऱ्या पाण्यात होत्या. कौलं आणि वासे मागाहून होडीतून काढून आणले, तीच कौलं आता आमच्या डोक्यावर होती. पण शाळा बंद झाली असं मुलांना कुणी सांगितलंच नाही. वर नवी शाळा सुरू झाली, तीही पुष्कळ महिन्यांनी, आणि दुसऱ्याच शिक्षकाच्या हाताखाली.

"मी सुट्टी दिली नाही," गुरुजी म्हणाले. मग हळूच, "पाणी उतरू दे."

आम्ही वाट बघितली. त्या दिवसांत मी बदलीचा अर्ज करायचं मनात आणलं होतं. नवरा रोज म्हणायचा, आजारपणाची रजा टाक. पण मी गेले नाही, कारण परीक्षा होत्या, आणि दुसरं कारण असं की घरी बसून ती बातमी न ऐकणं मला जास्त भयंकर वाटत होतं. मुलगी अधूनमधून सांगायची. बाईंची खुर्ची पुसली. फळा काळा केला. गुरुजी आता तिला काही विचारत नव्हते. रोज ओट्यावरून पाणी खाली सरकलेलं दिसायचं, काठावर गाळाचे पट्टे उमटत जायचे. मग एप्रिलच्या शेवटी त्या स्थिर पाण्यातून एक चौकोनी काळी कड वर आली. मुलांनी ती माझ्या आधी बघितली होती.

एक मेला झेंडावंदन झालं, निकाल वाचला, मुलांना गोळ्या वाटल्या. मग गुरुजी, मी, ती मुलगी आणि तिची आत्या असे आम्ही खाली उतरलो. मुलीने आत्याचा हात घट्ट धरला होता. आधी रान, मग पांढरा भेगाळलेला गाळ, मग ओला गाळ. त्यावर माती इतकी सारखी बसली होती की साय धरलेलं दूध वाटावं. पाखराच्या पायाचाही ठसा नव्हता. जुन्या शाळेच्या चौथऱ्याच्या भोवती पाणी हातभर खाली गेलं होतं आणि पायऱ्यांच्या समोर अजून ओल होती.

चौथऱ्यावर गाळ नव्हता.

दगडी जमीन स्वच्छ होती आणि तिच्यावर झाडूच्या अर्धगोल रेघा उमटल्या होत्या, शेणाने सारवायच्या आधी अंगण झाडावं तशा, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. एका जागी, जिथे मास्तरांची खुर्ची असते तिथे, दगड बाकीच्यांहून जास्त उजळ होता. मी आत्याकडे बघितलं. तिने नाही अशी मान हलवली. आमच्या चौघांच्या पावलांच्या रांगा गाळात मागे दिसत होत्या. दुसरं पाऊल नव्हतं.

मी पायरीकडे निघाले होते. खरं सांगायचं तर मी निघाले आहे हे मलाही कळलं नव्हतं. गुरुजींनी माझा दंड धरला. एवढ्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला.

"बाई, तुम्ही वर यायचं नाही. इथंच थांबा."

ते एकटे वर चढले. त्या उजळ दगडावर उभे राहिले नाहीत, त्याच्या शेजारी राहिले. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. समोरच्या रिकाम्या जागेकडे त्यांनी पाहिलं, डावीकडून उजवीकडे, शिक्षक पाहतात तसं. मग रोजच्या आवाजात म्हणाले, "मुलांनो, परिपाठ. आजची बातमी एकच आहे. शाळा सुटली. मला उशीर झाला. उद्या शाळा नाही, परवाही नाही, नव्या बाई येणार नाहीत. दप्तरं घ्या, ओढा बघून ओलांडा, सरळ घरी जा."

चौथऱ्याच्या कडेला एक दगड सुटा होता. तो उचलून त्यांनी उंबऱ्याच्या दगडावर घंटेसारखा ठोकला. आवाज पाण्यावरून पलीकडे गेला आणि परत आला.

पुढे झालं ते एवढंच. वारा नव्हता. मुलीने आत्याला हाताने मागे ओढलं आणि दोघी वाटेतून बाजूला झाल्या. मीही झाले. शाळा सुटल्यावर पोरांचा लोंढा दारातून येतो तेव्हा आपण अंग चोरून उभे राहतो तशी मी उभी राहिले, साडीचा पदर गोळा करून. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. गाळावर काही उमटलं नाही. मुलगी मात्र मान हळूहळू फिरवत होती, पायऱ्यांपासून आमच्या पाठीमागच्या चढापर्यंत, आणि मग तिने हात हलवला. खूप वेळ लागला. खालच्या शाळेत पोरं बरीच असावीत.

"कुठं गेली?" मी विचारलं.

"घरला," ती म्हणाली.

गुरुजी पायऱ्या उतरताना धडपडले, तेव्हा आत्याने त्यांना आधार दिला. वाडीत त्या दुपारी नेहमीचंच चाललं होतं. बायका पाणी भरत होत्या, कुणाच्या तरी घरात लग्नाची तयारी होती.

जूनमध्ये शाळा भरली तेव्हा ती चौथीत गेली होती. पहिल्याच परिपाठात ती पुढे आली. तिने सांगितलं की त्यांच्या शेळीला दोन करडं झाली. मुलं हसली. गुरुजीही हसले, पण उशिरा. वर्षभर तिने खालचं काही सांगितलं नाही आणि गुरुजींनी विचारलं नाही. फक्त कधीकधी तिची बातमी संपली की ते क्षणभर वाट बघायचे. निवृत्त होऊन ते मुरबाडकडे त्यांच्या गावी गेले. काही वर्षांनी तिथेच, दिवाळीनंतरच्या एका सकाळी, चहा घेताना गेले. मला ते कळलं तेव्हा महिना उलटला होता.

पुढे माझीही बदली मुरबाड तालुक्यात झाली. दोन हजार सालानंतर एका थंडीत म्हसा गावच्या जत्रेत मी घोंगडी घ्यायला गेले होते. कुणीतरी बाई म्हणून हाक मारली. तीच होती. अंगाने भरलेली, कडेवर मूल, नवरा पलीकडे बैलांच्या बाजारात सौदा करत होता. तिने वाकून नमस्कार केला आणि भराभरा सगळं सांगितलं, सासर कुठलं, पोरगा किती खोडकर, आत्या गेल्या पावसात वारली. आम्ही चहा घेतला. स्नेहसंमेलनातलं तिचं गाणं तिला पाठ होतं. गुरुजींचा इस्त्रीचा शर्ट आठवत होता.

मी खालच्या शाळेचं विचारलं. तिने कपाळाला आठी घातली.

"आमी खाली गेलतो एकदा. लय ऊन होतं. कशाला गेलतो बाई?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती काही लपवत नव्हती. मी म्हटलं, गुरुजींना त्यांची जुनी शाळा बघायची होती. ती बरं म्हणाली आणि मुलाचं नाक पुसलं.

आत्या नाही, गुरुजी नाहीत, आणि जिच्या तोंडून सगळं आलं तिला ते ठाऊक नाही. ती शाळा भरत होती हे सांगणारी आता मी एकटीच उरले आहे. चहा संपवताना हे मनात आलं आणि त्या एवढ्या गर्दीत मला एकाएकी थंडी वाजली. तिने माझी घोंगडी उलगडून वीण तपासली, जरा महागात पडली म्हणाली, आणि परत घडी करून माझ्या हातात दिली. मग तिच्या नवऱ्याने लांबून हाक मारली. बैल ठरला होता.